तोंडावरचा माणूस

"तू त्याला तोंड सोडायला लावलंस, दादा."

"कुणाला? माशाला? अरे मासा आहे तो, तुझा जावई नाही."

"तोंड सोडायला लावलंस."

कारखान्याच्या वसाहतीतल्या भिंती अशा, की शेजारच्याने कूस बदलली तरी आपली झोप मोडावी. मी अलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि पलीकडच्या खोलीत दोघे भाऊ भांडत होते. थोरले म्हणजे आमचे हे. धाकटे माझे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणायची आणि बाकी सगळी दुनिया ढिम्म म्हणायची. नाव उगाच पडलं नव्हतं. छपराला आग लागली असती तरी हा माणूस आधी चपला सरळ लावून मग बाहेर पडला असता. तो आज सलग दोन वाक्यं बोलला, याचंच मला नवल वाटलं आणि माझी घडी हातातच राहिली.

मग हे बोलले. बोलायला नको होतं ते बोलले.

"जन्मभर दुसऱ्याच्या तोंडावर उभा राहिलास. आत उतरायची छाती नाही. बायको करायची छाती नाही. म्हणून माशाला गुरू केलंस."

पलीकडे नुसती पाण्यातल्या बुडबुड्यांची बुडबुड.

"उद्यापासून तोंडावर दुसरा माणूस माग," भाऊजी म्हणाले.

"मागणार नाही. पण तुझ्याशी बोलणारही नाही."

दुसरा माणूस का मागणार नाही, ते मला भिंतीआडूनसुद्धा कळलं. ह्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसाच नव्हता. रागावले होते, खुळे नव्हते.

हे तोंड काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही लागायचं नाही.

दोघे कागदाच्या कारखान्यात होते. तिथे लगद्याच्या मोठाल्या बंद टाक्या असतात. वरून एक भोक, माणूस जेमतेम मावेल एवढं, त्याला म्हणायचं तोंड. टाकी रिकामी केली तरी तळाला गाळ धरतो, तो खरवडायला शिडीने आत उतरावं लागतं. हे आत उतरायचे. भाऊजी तोंडावर बसायचे. ह्यांच्या कमरेचा दोर भाऊजींच्या हातात, आणि शेजारी वारा सोडणारं यंत्र, त्याचा जाड कापडी नळा आत सोडलेला. आतली हवा वाईट. गाळ ढवळला की त्यातून अशी वाफ सुटते, की माणूस उभ्याचा आडवा होतो आणि वासही येत नाही. म्हणून तोंडावरच्याने मधून मधून हाक मारायची, "ए दादा." आतल्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर दोर ओढायचा. आपण आत जायचं नाही, काही झालं तरी नाही. ज्या हवेने एकाला पाडलं ती दुसऱ्यालाही पाडते. आणि तोंड सोडायचं नाही.

आपल्या बोलण्यात तोंड सोडणं म्हणजे शिव्या देणं. त्यांच्या कामात तोंड सोडणं म्हणजे जागा सोडून जाणं. भाऊजींनी दोन्ही अर्थांनी तोंड कधी सोडलं नव्हतं.

आता माशांचं.

भाऊजींनी जुन्या खिडक्यांच्या काचा जोडून स्वतः पेटी बांधली होती आणि पलीकडच्या खोलीतली अर्धी जागा तिने खाल्ली होती. मासेही रंगीबेरंगी असते तर एक वेळ ठीक. पण भाऊजींनी पाळले ते काळपट, ठिपक्यांचे, पोट काचेला चिकटवून दिवसच्या दिवस पडून राहणारे. दुकानात त्यांना सकर म्हणतात. त्यांच्यातल्या नरांच्या तोंडावर काट्यांची दाढी होती. पाहुणे विचारायचे, "हा मेलाय का?" भाऊजी म्हणायचे, "नाही, विचार करतोय." पाहुणे मग भाऊजींकडे बघायचे, माशाकडे बघायचे आणि चहा संपवायचे.

एकदा त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो. मुलगी समोर आली, तर भाऊजी अंगणातल्या हौदात डोकावून बसलेले. त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, पाणी किती दिवसांनी बदलता. मुलगी हुशार होती. नाही म्हणाली.

पण त्या माशांचं चालणं भाऊजींना आपल्या घरच्यासारखं ठाऊक होतं. हा मासा भोकात राहतो. ज्याला चांगलं भोक मिळेल तो दादा, बाकीचे कडेकडेने फिरणार. दुसरा नर तोंडाशी आला की आतला दाढी फुलवून येतो आणि दोघे एकमेकांना रेटत राहतात, कुणी माघार घेत नाही. भाऊजींनी त्यावर उपाय काढला होता. खापराच्या नळाचे फुटके तुकडे आणायचे, एक टोक सिमेंटने बुजवायचं आणि पाण्यात ठेवायचे. नर जितके, त्याच्याहून एक गुहा जास्त. मग भांडण नाही. आणि गंमत म्हणजे आधी ज्या पोरसवदा नराला दाढीच नव्हती, त्याला स्वतःची गुहा मिळाल्यावर ती फुटली.

"बघा वहिनी," भाऊजी म्हणाले, "घर झालं की पुरुषाला दाढी येते."

"मग तुम्हाला एवढी कशी आली, घर नसताना?" मी म्हटलं. तेव्हा हसले होते.

गुहेचं माप ते अंगठ्याने घ्यायचे. माशाचे पंख दोन्हीकडे टेकतील एवढीच रुंद. सैल झाली तर आत अंडी सांभाळणाऱ्या बापाला धीर राहत नाही, म्हणायचे. मी मनात म्हटलं, उलट आमच्यात. आमच्या बापांना जागा जितकी मोठी तितका धीर जास्त.

भांडण झालं त्या दिवशीची गोष्ट अशी. भाऊजींनी पेटीत गार पाणी घातलं होतं. गार पाणी आलं की माशांना ऋतू पालटल्यासारखा वाटतो आणि त्यांच्या मनात घरसंसार येतो. तसंच झालं. पोट फुगलेली मादी मधल्या गुहेत शिरली आणि मागून नर शिरला. तोंड त्याने आपल्या अंगाने बंद करून टाकलं. मादी आत, तो दाराला. ती बाहेर यायला बघतेय, तो हलत नाही. अंडी घालून होईपर्यंत तो तिला सोडत नाही, झाली की स्वतःच हाकलतो आणि पुढचं सगळं स्वतः करतो, हे भाऊजींना माहीत होतं. पण भाऊजी पाळीवर गेले होते.

घरात हे होते, ह्यांची सुट्टी होती. ते पेटीपुढे उभे राहून बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"कोंडलंय तिला," म्हणाले.

"त्यांची रीत असेल," मी म्हटलं.

"अंधारात कोंडलंय आणि दार अडवून बसलाय. मरेल ती."

आता ते आठवलं की वाटतं, ते माशाचं बोलतच नव्हते. रोज जो माणूस एका भोकातून अंधारात उतरतो, त्याला भोकाच्या तोंडावर आडवं पडलेलं अंग बघवलं नाही. मी काही म्हणायच्या आत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि नळ उचलून उलटा केला. मादी सुटली. नर सुटला. थोड्या वेळाने नर परत आत गेला, पण त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तोंडाने ढकलून ढकलून त्याने नारिंगी अंड्यांचा सगळा पुंजका बाहेर काढला. संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा ती अंडी वाळूवर पांढरी पडत चालली होती.

मग ते वाक्य. तू त्याला तोंड सोडायला लावलंस.

त्यानंतर दोघांचा अबोला पडला. भाऊजींनी पलीकडच्या खोलीत वेगळी चूल मांडली नाही, पण पाट वेगळा केला. जेवायला एक बसला की दुसरा उठायचा. निरोप माझ्यामार्फत. "वहिनी, दादाला सांगा, त्याची छत्री दाराआड आहे." दादा समोर बसलेला. "त्याला सांग, मला डोळे आहेत." मी म्हणायची, दोघांनाही डोळे आहेत, जिभा तेवढ्या कुणी पळवल्या.

पण माझा जीव खरा टांगला गेला तो दुसऱ्याच गोष्टीने. मी ह्यांना विचारलं, "आत असताना ओ देता ना?"

"बोलत नाही म्हटलं ना त्याच्याशी."

"मग त्याला कसं कळतं?"

"तो तोंडावर पान्हा वाजवतो. मी आतून खरवडणी वाजवतो. कळतं."

असं चाललं होतं ते. भाऊजी दोनदा ठोकणार, हे आतून दोनदा ठोकणार. दोन शहाणे. जिवंत असल्याची खूण द्यायची ती लोखंडाने द्यायची, तोंडाने नाही. मी भाऊजींनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, "लोखंड खोटं बोलत नाही वहिनी." रोज डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी जाताना मी टाकीकडे कान लावायची, आणि तिकडून टण टण ऐकू आलं की मगच डबा पहारेकऱ्याच्या हातात द्यायची.

त्या दुपारी मी फाटकाशी पोचले तर टण टण ऐकू आलं. त्यामागोमाग बारीक टक टक. मी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग पुन्हा टक. मग टक टक टक.

मी तिथेच थांबले. आधी मला कळलं नाही काय चुकलंय ते. मग कळलं. वर कुणी विचारलं नव्हतं आणि खालून उत्तर येत होतं.

भाऊजींना तेच माझ्याआधी कळलं होतं. कापडी नळ्याच्या टोकाला एक लोखंडी आकडा असतो, तो वाऱ्याने हलून टाकीच्या भिंतीला लागत होता. आणि कोण जाणे किती वेळ भाऊजी त्या आकड्यालाच भाऊ समजत होते.

"दादा."

फाटकापर्यंत आला तो आवाज. कित्येक महिन्यांनी भाऊजींच्या तोंडून ती हाक मी ऐकली.

"ए दादा. ओ दे. दादा."

ओ नाही. टक. टक टक.

मी आत पळाले. पहारेकऱ्याने अडवलं नाही, तोही पळत होता. टाकीवर चढायच्या जिन्याशी माणसं गोळा झाली होती आणि मी त्यांच्यातून वाट काढत वर चढले. भाऊजी तोंडावर पालथे पडले होते, छातीने सगळं भोक झाकून, नळ्यापुरती फट ठेवून. दोर दोन्ही हातांना गुंडाळलेला. आणि पैलवान म्हणून एक धिप्पाड कामगार होता, तो त्यांना दंडाला धरून बाजूला ओढत होता.

"सरक. मी उतरतो."

"कुणी उतरायचं नाही. दोर धरा."

"दोर येत नाहीये, अडकलाय. सरक म्हणतो ना."

"वारा वाढव. दोर धर."

पैलवानाने त्यांच्या बरगडीत गुडघा घातला. भाऊजी हलले नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं, "बोलत नव्हते ना दोघे. आता कळलं का." दुसरा म्हणाला, "भाऊ खाली मरतोय आणि हा दार अडवून बसलाय." मग सगळेच बोलायला लागले. एकाने चप्पल फेकून मारली, ती त्यांच्या मानेवर बसली. मला बघून पैलवान ओरडला, "वहिनी, सांगा ह्याला. तुमचं कुंकू आहे खाली."

डोळ्यासमोर ह्यांचं घामेजलेलं कपाळ आलं, पेटीपुढचं. कोंडलंय, दार अडवून बसलाय, मरेल ती. आणि मागून ती वाळूवरची पांढरी अंडी.

"भाऊजी," मी म्हटलं, "काय करू सांगा."

त्यांनी मान वळवली नाही. "नळा आणखी आत सोडायला लावा. आणि मागून दोर धरा."

मी दोराला हात घातला. मी घातला म्हणून पहारेकऱ्याने घातला. पैलवान घुटमळला. आणि नेमक्या त्याच वेळी भाऊजींनी दोर सैल सोडला.

"सोडला," कुणीतरी किंचाळलं. "दोर सोडला त्याने."

खाली काहीतरी जड गाळात पडल्याचा आवाज आला. माझ्या हातातून दोर सरकत गेला आणि तळवे भाजले. पैलवानाने भाऊजींचे केस धरून डोकं मागे खेचलं. भाऊजींचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. ते ऐकत होते. एका हाताने त्यांनी दोर शिडीपासून दूर, हवेत, मोठा झोका देऊन फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. दोर शिडीच्या पायरीत अडकला होता. ताणून तो सुटणार नव्हता, ढिला केला तरच सुटणार होता. सुटला.

"आता ओढा," ते म्हणाले.

पैलवानाने केस सोडून दोर धरला. तो धरल्यावर काम झालं, खोटं कशाला बोलू. सगळ्यांनी मिळून ओढलं, आणि दोर येत गेला, येत गेला. तोंडाशी ह्यांचे खांदे अडकले तेव्हा भाऊजी पहिल्यांदा बाजूला झाले. बाळंतपणात सुईण करते तसा एक खांदा आधी वळवला, मग दुसरा. हे बाहेर आले. ओठ निळे, अंगभर गाळ, डोळे वर.

त्यांना पत्र्यावर उताणं निजवलं. कारखान्याच्या दवाखान्यातली बाई प्राणवायूचं नळकांडं घेऊन आली, तोंडाला लावलं. छाती हलेना. भाऊजी पुन्हा टाकीच्या तोंडाशीच जाऊन बसले होते, रिकामा दोर हातात धरून, आमच्याकडे पाठ करून. त्यांना बघवत नव्हतं की सवयीने बसले होते, देव जाणे.

मग ह्यांना खोकला आला. पोटातून, लांबून, टाकीच्या तळातून आल्यासारखा. त्यांनी नळकांडं बाजूला सारलं. डोळे कुठे लागत नव्हते, पण ओठ हलले.

"ओ," म्हणाले.

बाईला वाटलं उलटी येतेय. तिने मान एका कुशीवर केली. पण मला माहीत होतं ती ओ कुणाला दिली ते. भाऊजींनाही माहीत होतं. ते वळले नाहीत, फक्त दोर गुंडाळायला लागले, नेहमीसारखा कोपरावर घेऊन.

त्या दिवसानंतर ह्यांची छाती पूर्वीसारखी राहिली नाही. जिना चढले की दम लागायचा. टाकीत उतरणं संपलं. कारखान्याने बसून करायचं काम दिलं आणि पुढे घरी बसवलं. घरी बसून काय करणार, तर पलीकडच्या खोलीत पेटीपुढे खुर्ची टाकून बसायचे. दोघांमध्ये माफीबिफी काही झाली नाही. एके दिवशी पाट जवळ आले, एवढंच.

पुढच्या खेपेला मादी गुहेत शिरली आणि नराने तोंड अडवलं, तेव्हा हे स्वतः खोलीच्या दारात आडवा पाय टाकून बसले. आमच्या लेकीलाही आत येऊ देईनात. मोठ्याने शिंकायचं नाही. बादली आपटायची नाही. मी केरसुणी घेऊन गेले तर मला म्हणाले, "बाळंतीण आहे घरात, कळत नाही?"

"बाळंतीण तर बाहेर पडली मघाशीच," मी म्हटलं. "आत बाप आहे."

"तेच म्हणतोय."

तो मासा आत काय करतो ते तेव्हा मी नीट बघितलं. अंड्यांच्या पुंजक्यावर पंख हलवून पाण्याचा वारा घालत राहतो. एवढंच करतो. खात नाही, फिरत नाही. दुसरा नर डोकावला की दाढी फुलवतो आणि पुन्हा वारा घालायला लागतो. अंडी फुटून पिल्लं झाली, तर ती पोटाला पिवळं गाठोडं बांधून गुहेच्या भिंतीला चिकटून बसली. गाठोड्यातली शिदोरी संपेपर्यंत बाप त्यांना बाहेर पडू देत नाही. मग एक दिवस सगळी फौज काचेवर. बाप तोंडाशी येऊन बसला, रोडावलेला. भाऊजींनी त्याच्यापुढे काकडीचा काप ठेवला आणि ह्यांनी विचारलं, "आता तो काय करणार?"

"जेवणार."

"आणि मग?"

"मग बसणार. कुणीतरी येईल पुन्हा."

त्या काकडीसाठी भाऊजी रोज बाजारात जायचे. निवृत्त झाले, केस पिकले, गुडघे करकरायला लागले, तरी जायचे. कोवळी बघून घ्यायचे, भाजीवाली म्हणायची ह्यांना नवरीसारखी काकडी दाखवावी लागते. येताना ह्यांचं दम्याचं औषध. आणि घरी आले की उंबऱ्याबाहेरूनच हाक, "ए दादा." आतून "ओ" आली की मगच पाय आत आणि पिशवी खाली. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. आमच्या घरात घड्याळाच्या ठोक्यासारखं होतं.

भाऊजी वारले त्या दिवशीही ते बाजारात गेले होते. पाय सुजले होते, डॉक्टरने चालू नका म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, आज राहू द्या, नर अंड्यांवर बसलाय, तो काही खात नाही. म्हणाले, "बाकीचे खातात ना." मग चपला सरळ करून पायात घातल्या आणि गेले.

आले तेव्हा दुपार कलली होती. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, चौकट धरून.

"ए दादा."

ह्यांचा खुर्चीत डोळा लागला होता. मी म्हटलं, "झोपलेत. या आत, बसा आधी."

"येऊ दे."

"अहो काय येऊ दे? घामाघूम झालायत."

"ओ येऊ दे, वहिनी." पिशवी हातात तशीच. "ए दादा."

"ओ," हे डोळे न उघडता म्हणाले. "ओ, ओ. आहे अजून. ये आत, ढिम्म्या."

भाऊजी आत आले. पिशवी खाली ठेवली, औषधाची बाटली ह्यांच्या उशाशी लावली. काकडी धुतली, तिचं टोक चाखून कडू नाही ना बघितलं, लांबट काप केला. तो काप काट्याला टोचून, तरंगू नये म्हणून, त्यांनी हळूच पाण्यात सोडला. मधल्या गुहेपासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात, तोंडावरच्याला त्रास होणार नाही असा.